नानांची अर्धशिशी

पुंजाराम नानांना लग्नात सासऱ्याने मनगटी घड्याळ कबूल केलं होतं. ते घड्याळ काही आलं नाही. त्याऐवजी सासऱ्याने जावयाला बैलगाडीच्या आडोशाला नेलं आणि अर्धशिशी उतरवायचा मंत्र त्याच्या कानात सांगितला. नाना तेव्हा चांगलेच खट्टू झाले होते. पण पुढे पस्तीस वर्षं त्या मंत्राने त्यांना जे दिलं, ते कुठल्याच घड्याळाने दिलं नसतं. लासूर स्टेशनच्या आसपास पाच-सात गावांत कुणाचं अर्धं डोकं दुखायला लागलं, की लोक म्हणायचे, पुंजाराम नानाकडं जा.

तसं बघायला गेलं तर नानांकडे सांगण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. चार एकर रान, कांदा साठवायची एक चाळ, दोन बैल आणि शहरात कंपनीत कामाला लागलेला बन्सी नावाचा मुलगा. थोरला भाऊ सरपंच होऊन गेलेला, धाकटा सोसायटीत चेअरमन. लग्नाच्या मांडवात दोघा भावांना हाताला धरून पुढे बसवायचे आणि नाना आपले भांड्यांवर लक्ष ठेवायला मागे. फक्त रविवारी उजाडायच्या आत त्यांच्या ओट्यावर माणसं येऊन बसत, आणि त्या माणसांत कधीकधी दोन्ही भावजयाही असत. तेवढा वेळ नाना जे ताठ बसायचे, ते त्यांना आठवडाभर पुरायचं.

पद्धत ठरलेली होती. दुखणेकऱ्याने तोंड न धुता, वाटेत कुणाशी न बोलता यायचं. उगवतीकडे तोंड करून बसायचं. नाना दुखऱ्या भुवईवर अंगठा टेकवून मंत्र सात वेळा पुटपुटायचे आणि म्हणायचे, "जा. दुपारपस्तोर उतरंल." आणि दुपारपर्यंत ती उतरायचीच. कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही, असा सासऱ्याचा दंडक होता आणि नानांनी तो मोडला नव्हता.

ही गोष्ट घडली तेव्हा गावात मोबाइलचा पहिला टॉवर उभा राहत होता. मार्गशीर्षातली थंडी होती. नानांना पडसं झालं. पडसं काय, दरवर्षीचंच. आठ दिवसांत ते हटलंही. नाना रानात जायला लागले, आणि मग दोन दिवसांनी ते असं उलटलं की विचारू नका. नाक चोंदलं, डावा गाल जड झाला, वरच्या दाढा ठणकायला लागल्या आणि नाकातून हिरवं-पिवळं घट्ट यायला लागलं.

नानांची बायको आवडाबाई ते बघून उलट खूशच झाली. "आता काय काळजी नाय," ती म्हणाली. "पडसं पिकलंय. पिकलं की गळून जातं."

नानांनाही ते पटलं. पिकायची वाट बघायची, ही त्यांची लहानपणापासूनची समजूत. तरी घरातले उपाय चालू राहिले. सुंठीचा लेप झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, हळद घातलेलं दूध झालं. नाक मोकळं करायला नानांनी लासूरच्या मेडिकलमधून थेंब आणले. थेंब टाकले की घटकाभर असं मोकळं वाटायचं, की नानांनी ते दिवसातून पाच-सहा वेळा टाकायला सुरुवात केली. कुणीतरी सांगितलं, सूर्य उगवायच्या आत दुधातली जिलेबी खावी. हा उपाय नानांनी सगळ्यात निष्ठेने केला. जिलेबीने डोकं थांबलं नाही, पण नानांनीही जिलेबी थांबवली नाही.

कारण एव्हाना डोकंही दुखायला लागलं होतं. डाव्या भुवईच्या वर, अगदी बोट ठेवून दाखवावं अशा जागी. सकाळी आठच्या सुमाराला सुरू व्हायचं, उन्हाबरोबर चढत जायचं, खाली वाकलं तर कपाळ फुटेलसं वाटायचं. मग दीड-दोनला आपोआप कमी व्हायचं. हे दुखणं नानांनी ओळखलं. न ओळखून कसं चालेल? पस्तीस वर्षं रोज नाही तरी दर रविवारी ते त्यांच्या ओट्यावर येऊन बसत होतं.

आता उतरवायची कुणी? तालुक्यात दुसरा उतरवणारा नव्हता, आणि असता तरी नाना त्याच्या दारात बसले नसते. रविवारी माणसं यायच्या आधी ते गुपचूप उठले. भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून मांडीवर घेतला, उगवतीकडे तोंड केलं आणि आरशातल्या पुंजारामच्या भुवईवर अंगठा टेकवून सात वेळा मंत्र म्हटला. आरसा बर्फासारखा गार होता. आवडाबाई दारातून बघत होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

दुपारी डोकं उतरलं. नानांना आपलाच अभिमान वाटला.

सोमवारी कांदा निवडायच्या गडबडीत मंत्र म्हणायचा राहून गेला. दुपारी डोकं उतरलं. मंगळवारी नानांनी मुद्दामच म्हटला नाही. तरीही दोनच्या ठोक्याला भुवईवरचा खिळा कुणी उपसून घ्यावा तसं डोकं मोकळं झालं. नाना बांधावर बसले. मग इतकी वर्षं आपण काय उतरवत होतो? ते दुखणं सूर्याबरोबर चढत होतं आणि सूर्याबरोबर उतरत होतं, आणि मध्ये अंगठा टेकवून पुंजाराम नुसताच मोठा होत होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. हे लोकांना कळलं तर रविवारचा ओटा रिकामा पडेल, आणि मग लग्नाच्या मांडवातली भांडी तेवढी राहतील.

त्याच संध्याकाळी आवडाबाई चाळीपाशी नाक दाबून उभी राहिली. "कांदा सडलाय की. एवढी घाण सुटलीय. तुमाला वास येईना?"

नानांना वास येत नव्हता. चहाचा येत नव्हता, गोठ्याचा येत नव्हता, समोर सडलेल्या कांद्याचाही येत नव्हता. एवढं झाल्यावर मात्र ते घाबरले. "बन्सीकडं जाऊन येतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये बसून शहरात गेले.

बन्सीने त्यांना मोटारसायकलवर घातलं आणि औरंगपुऱ्यातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीण बाईंच्या दवाखान्यापाशी सोडलं. त्याची कंपनीतली पाळी चुकत होती, त्यामुळे तो फाटकातूनच वळला. नानांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं. गावापासून इतक्या लांब आपल्याला कोण ओळखणार, असं मनाला सांगत ते बाकड्यावर बसले. शेजारचा माणूसही उपरण्यात तोंड घालून बसला होता. थोड्या वेळाने तो शिंकला. ती शिंक नानांनी ओळखली. गावातला कडूबा. तीन रविवारांपूर्वी नानांनी त्याची अर्धशिशी उतरवली होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती.

"नाना, तुमी इथं?" कडूबा म्हणाला.

"कान," नाना म्हणाले. "कान दुखतोय जरा."

"माझा बी कानच," कडूबा घाईघाईने म्हणाला. "तुमी उतरवल्यापून डोस्कं एकदम झ्याक हाय."

तेवढ्यात आतून कंपाउंडर ओरडला, "सायनसवाले कडूबा, आत या." कडूबा उठला. जाताना वळून हळूच म्हणाला, "गावात बोलू नका, नाना."

"तू बी नको बोलू," नाना म्हणाले, आणि दोघांचा सौदा झाला.

डॉक्टरीण बाईंचं नाव रेहाना काझी. चाळिशीच्या, सडपातळ, कपाळावर आरसा बांधलेल्या. त्यांचं मराठी चांगलं होतं आणि मध्येच दखनीत घसरायचं. "बोलो काका, कबसे है?"

"तीन आठवडे झाले. मधी बरं वाटलं, मग उलटलं."

"नाकातून पू येतो?"

"पू नाय, बाई," नानांनी समजावून सांगितलं. "पडसं पिकलंय. गळून पडायची वाट बघतोय."

बाई हसल्या नाहीत. "पिकलंय म्हणजेच पू झालाय, काका. आंबा पिकला तर देठातून गळतो. हे गळणार कुठून?"

मग त्यांनी नानांचा फोटो काढवून आणला आणि उजेडाच्या पाटीवर लावला. नानांनी स्वतःची कवटी पहिल्यांदाच पाहिली. ती त्यांना थोरल्या भावासारखी वाटली. गालाच्या आत, भुवईच्या आत हाडाला पोकळ्या असतात, बाई सांगत होत्या. त्यांत हवा खेळते आणि प्रत्येकीला नाकात उघडणारं बारीक दार असतं. उजव्या बाजूच्या पोकळ्या फोटोत काळ्या होत्या, हवेच्या. डाव्या बाजूच्या पांढऱ्याफटक, भरलेल्या. पडशाने आतलं कातडं सुजतं, दार बंद होतं आणि आतलं आत सडत राहतं. रात्रभर आडवं पडल्यावर कोंडतं, म्हणून सकाळी ठणकतं. उठून हिंडल्यावर थोडं निचरतं, म्हणून दुपारी हलकं होतं.

"म्हंजे चाळीला वारं लागंना," नाना म्हणाले, "अन् कांदा सडला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बिलकुल. मी कॉलेजात पाच वर्षं घालवली आणि तुम्ही एका वाक्यात सांगितलं."

नानांना खूप बरं वाटलं. मग बाईंनी ते थेंब बघायला मागितले आणि थेट कचऱ्याच्या डब्यात टाकले. "चार-पाच दिवस, बस. त्याच्यापुढे हे थेंबच नाक बंद करतात." साध्या पडशाला त्या लगेच भारी गोळ्या देत नसत, ते आठ-दहा दिवसांत आपलं आपण जातं. पण नानांचं बरं होऊन उलटलेलं होतं, दहा दिवसांपुढे गेलेलं होतं, म्हणून त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि बजावलं, बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. नाकात मारायचा फवारा दिला. वाफ घ्यायला सांगितली, पण भांड्यात तोंड घालून भाजून घेऊ नका म्हणाल्या. आणि रोज दोनदा नाक धुवायचं. पाणी उकळून कोमट केलेलं, कच्चं अजिबात नाही. एका पेल्याला अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा.

"आणि काका, कुणाच्या डोळ्याची पापणी सुजली, एकाचे दोन दिसायला लागले, ताप चढला, मान आखडली, तर घरी थांबायचं नाही. या पोकळ्या आणि डोळा-मेंदू यांच्या मध्ये पापडाएवढं पातळ हाड असतं. त्याच दिवशी आणायचं."

नाना उठता उठता थबकले. "बाई, अर्धशिशी म्हंजे हेच का?"

"कधी हेच, कधी दुसरंच. खरी अर्धशिशी वेगळी असते, तिचं औषधही वेगळं. बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

पस्तीस वर्षांत नानांनी कुणाच्या नाकाकडे एकदाही बघितलं नव्हतं. येताना काळीपिवळीत ते समोरच्या प्रत्येकाच्या नाकाकडे बघत बसले.

घरी नाक धुवायचा सोहळा सुरू झाला. नानांनी मोरीवर वाकायचं, मान तिरकी करायची, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा आणि आवडाबाईने बाईंनी दिलेल्या बाटलीने एका नाकपुडीत पाणी सोडायचं. पहिल्या दिवशी पाणी घशात गेलं, नाना ठसकले आणि त्यांनी बायकोच्या माहेरचा उद्धार केला. तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्या नाकपुडीतून धारेसारखं निघालं. "निघालं वो," आवडाबाई म्हणाली, जसं काही बोअरला पाणी लागलं होतं. चौथ्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं आणि नानांनी गोळ्यांची पट्टी कोनाड्यात फेकली. आवडाबाईने ती परत काढली. "बाईनं धा दिवस सांगितल्यात. तुमी काय बाईपेक्षा शाणे?" पाण्याचा पेला घेऊन ती रोज समोर उभी राहायची. नवव्या दिवशी नाना अंगणात बसले असताना त्यांना अचानक लसणाचा वास आला. आवडाबाई चुलीवर ठेचा परतत होती. नाना नुसते बसून राहिले. मग भाकरीचा वास आला, गोठ्याचा आला, उन्हात वाळत घातलेल्या गोधडीचा आला. इतके दिवस आपण जेवत होतो ते काय होतं, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी चार भाकरी खाल्ल्या.

मधला एक रविवार त्यांनी अंगात कणकण आहे म्हणून टाळला होता. पुढचा टाळता येईना. ओट्यावर तिघं बसली होती. पहिली मंजुळाबाई, खालच्या वस्तीवरची. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला आणि ती अंधारात दोन कोस एकटी चालत आलेली. तिच्यामागे दगडाबाई, गावातलीच म्हातारी, मुलं पुण्याला असलेली. आणि कोपऱ्यात कडूबा, बहुधा लोकांना दाखवायला आलेला.

मंजुळाबाई उगवतीकडे तोंड करून बसली. नानांनी सवयीने अंगठा उचलला आणि कंदिलाच्या उजेडात त्यांना तिचा उजवा डोळा दिसला. पापणी टपोरी सुजली होती, लालबुंद. कपाळ हाताला चटका बसेल असं तापलेलं.

"किती दिसापून?"

"डोस्कं धा-बारा दिस. डोळा कालपून," ती म्हणाली. "तुमी उतरवा, मामा. मंग मला मेंढरांकडं जायचंय."

नानांचा अंगठा हवेतच राहिला. सात वेळा पुटपुटायचं, जा म्हणायचं. ती गेली असती, दुपारी थोडं हलकंही वाटलं असतं आणि नानांचं नाव जागच्या जागी राहिलं असतं. आणि डोळा? हे सगळं त्यांच्या मनात आलं. ते देवमाणूस नव्हते, त्यामुळे ते आलंच. पण फार वेळ टिकलं नाही.

"ही माझ्याच्यानं उतरत नाय," नाना म्हणाले. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायाचं."

"दवाखाना नगं. माझा तुमच्यावर भरोसा हाय."

"मंजुळाबाई, ऐक. मला सोत्ताला झाली हुती. मी सोत्ताला उतरवून बघितली. नाय उतरली. औरंगपुऱ्यातल्या बाईनं उतरवली, गोळ्या देऊन." नानांनी खाली मान घातली. "माझ्या मंत्रानं कुणाचीबी उतरत नाय. ती दुपारी आपली आपण उतरती."

कडूबा जमिनीकडे बघत होता. मंजुळाबाईने एका डोळ्याने नानांकडे बराच वेळ पाहिलं.

"मंग तुमी येता का संगं?" तिने विचारलं. "तुमी म्हणता म्हून येते."

नाना तसेच, तोंड न धुता निघाले. काळीपिवळी, मग रिक्षा, मग बन्सीला निरोप. बाईंनी मंजुळाबाईची पापणी उचलून पाहिली आणि पुढच्या तासाभरात तिला मोठ्या दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी बाई नानांना म्हणाल्या, "दोन दिन लेट होते ना, काका, तर डोळा गेला असता. कदाचित जीवही." नानांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन कठड्याला धरून उभे राहिले. मंजुळाबाई सहा दिवसांनी दोन्ही डोळ्यांनी बघत घरी आली आणि थेट मेंढरांकडे गेली.

त्यानंतरच्या रविवारी नानांना पहाटे जाग आली, पण ते अंथरुणातच पडून राहिले. आता कोण येणार? एव्हाना आसपासच्या सगळ्या गावांत झालं असेल. आवडाबाईने पांघरूण ओढलं. "उठा. माणसं बसल्यात."

नाना बाहेर आले. ओट्यावर पाच जण होते. इतके उन्हाळ्यातसुद्धा नसत. सगळ्यात पुढे दगडाबाई, उगवतीकडे तोंड करून, डोळे मिटून.

नाना तिच्यासमोर बसले. "दगडाबाई, त्या दिशी तू हुतीस की. ऐकलं न्हाईस का?"

"ऐकलं."

"नाकातून पिवळं येतं का? वाकल्यावर दुखतं?"

"त्या बाईकडंच औषध चालू हाय माझं, दोन वर्सं झाली," दगडाबाई डोळे न उघडता म्हणाली. "माझी ती खरीवाली अर्धशिशी हाय म्हनं."

"दोन वर्सं?" नाना म्हणाले. "मंग माझ्याकडं काहून येत हुतीस?"

"मीच येत हुते का? कडूबा जातो, तुमची थोरली भावजय जाती. समदे रविवारी हितं अन् सोमवारी तितं." म्हातारीने जरा सावरून बसत कपाळ पुढे केलं. "दुपारी आपली आपण उतरती, ते समद्यांना ठाऊक हाय, नाना. पर दुपारपस्तोर माझ्या कपाळाला हात लावनारं घरात कुनी नाय. ठेवा."

नानांनी अंगठा पुढे केला. मग अंगठा मिटून सगळा तळवाच तिच्या कपाळावर ठेवला. मंत्र त्यांनी म्हटला नाही. मागच्या चौघांना थांबायला सांगितलं आणि ऊन ओट्यावर येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.